दुधातला ताप शोधणारी ॲलिस

पीएचडी नाही, डॉक्टरची पदवी नाही, पशुवैद्यकाचीही नाही. तरी गाईचा आजार आणि माणसाचा ताप यांचं नातं तिनं शोधलं. ते बाकीच्यांच्या गळी उतरायला बरीच वर्षं गेली आणि त्या वर्षांत ती स्वतः त्याच तापानं आजारी होती.

तुमच्या घरी दूध आलं की पहिलं काय होतं? पिशवी फुटते, पातेलं गॅसवर चढतं आणि जरा लक्ष ठेव असा आवाज आतून येतो. आपलं डोकं मोबाइलमध्ये असतं, दूध उतू जातं आणि पुढचा कार्यक्रम तुम्हाला ठाऊक आहेच. ही इतकी रोजची गोष्ट आहे की दूध मुळात तापवायचं कशाला, हा प्रश्नच आपल्याला पडत नाही.

आता दुसरं टोक बघा. गावाकडे गेलात की कुणी ना कुणी धारोष्ण दुधाचं गुणगान करणारं भेटतंच. आचळातून थेट पेल्यात, कोमट, फेसाळ. तालमीतल्या पैलवानाच्या खुराकात तर त्याचा मान मोठा. गाईनं दिलं तसंच्या तसं प्यायलं म्हणजे ते शुद्ध, असा सरळ हिशोब.

शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतही बऱ्याच जणांचा हाच हिशोब होता. स्वच्छ गोठ्यातलं, तपासणी झालेलं कच्चं दूध तिथे जास्त पैसे मोजून घेतलं जायचं. ते दूध न तापवलेलं असणं हाच त्याचा गुण समजला जायचा. अशा काळात, १९१७ साली, सरकारी नोकरीतल्या ३६ वर्षांच्या एका बाईनं शास्त्रज्ञांच्या परिषदेत उभं राहून सांगितलं की अगदी धडधाकट दिसणाऱ्या गाईच्या दुधातही एक असा जिवाणू असू शकतो, जो माणसाला आजारी पाडणाऱ्या जिवाणूचा अगदी जवळचा भाऊबंद आहे.

तिचं नाव ॲलिस इव्हान्स. मायक्रोबायोलॉजीवाल्यांनो, ब्रुसेलाच्या चॅप्टरमध्ये हे नाव तुमच्या नजरेखालून गेलं असेल. बीव्हीएससीवाल्यांना झूनोसिस हा शब्द पाठच असतो. बाकीच्यांसाठी सांगायचं तर प्राण्यांकडून माणसाकडे येणाऱ्या आजारांना झूनोसिस म्हणतात. रुडॉल्फ विर्खो या जर्मन डॉक्टरनं एकोणिसाव्या शतकात हा शब्द आणला. रेबीज, लेप्टो, प्लेग, अँथ्रॅक्स ही सगळी याच कुटुंबातली मंडळी. ॲलिसची गोष्ट यातल्याच एका आजाराची आहे. त्याचं नाव ब्रुसेलोसिस.

शाळामास्तरीण ते बॅक्टेरियॉलॉजिस्ट

ॲलिसचा जन्म २९ जानेवारी १८८१ चा. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातलं नीथ नावाचं खेडं. घर वेल्श वंशाच्या शेतकऱ्यांचं. वडील शेती करायचे, जमिनीच्या मोजणीचंही काम करायचे. एक मोठा भाऊ, मॉर्गन. शाळा गावातलीच. पुढे जवळच्या टोवांडा गावी ती शिकायला गेली, तिथे मुलींच्या बास्केटबॉल टीममध्येही खेळली. त्या काळात मुलींनी बास्केटबॉल खेळणं हेच गावच्या चर्चेला पुरेसं होतं.

शाळा संपल्यावर पुढे काय? कॉलेजला पैसे नव्हते. मुलींसाठी मोजक्याच नोकऱ्या खुल्या होत्या, त्यातली एक शिक्षिकेची. तीच तिनं धरली. चार वर्षं शिकवलं आणि त्या कामाचा तिला कंटाळा आला. तुमच्यापैकी ज्यांनी घरच्यांच्या सांगण्यावरून नको ती शाखा घेतली आहे, त्यांना हे चटकन कळेल.

तेवढ्यात एक दार उघडलं. कॉर्नेल विद्यापीठात खेड्यातल्या शिक्षकांसाठी निसर्ग अभ्यासाचा दोन वर्षांचा मोफत कोर्स होता. शिक्षकांनी तो करून आपापल्या शाळेत परत जावं, ही त्यामागची कल्पना. ॲलिस गेली आणि परत आलीच नाही. तिला तिथे जीवशास्त्राची गोडी लागली, मग बॅक्टेरियॉलॉजीची. १९०९ मध्ये तिनं बीएस्सी पूर्ण केलं. लगेच विस्कॉन्सिन विद्यापीठाची बॅक्टेरियॉलॉजीची शिष्यवृत्ती मिळाली. ती मिळवणारी ती पहिली बाई. १९१० मध्ये मास्टर्स झालं. तेव्हा तिला २९ वर्षं पूर्ण झाली होती. म्हणजे आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर गॅप घेऊन, वय वाढवून वगैरे.

पीएचडी कर, असं तिथल्या एका प्राध्यापकानं तिला सुचवलं होतं. पण खर्च झेपणारा नव्हता आणि समोर नोकरी होती. तिनं नोकरी घेतली. हा निर्णय लक्षात ठेवा, पुढे त्याची किंमत तिच्याकडून वसूल केली जाणार आहे.

नोकरी होती अमेरिकेच्या कृषी खात्यातली. या खात्यात पशुधनाचा एक विभाग होता आणि त्याच्या आत दुग्धशाखा. पहिली तीन वर्षं विस्कॉन्सिनमध्येच चीजवर काम केलं. चीजला चव येते ती जिवाणूंमुळे, तर कुठल्या जिवाणूमुळे कुठली चव, असं ते संशोधन. १९१३ मध्ये तिची बदली वॉशिंग्टनला झाली. तिथल्या साहेबलोकांना आपल्या प्रयोगशाळेत बाई येणार हे काही रुचलं नव्हतं. पण सरकारी नोकरीचे नियम तिच्या बाजूनं होते. त्या दुग्धशाखेत कायम नोकरीवर असलेली ती पहिली महिला शास्त्रज्ञ ठरली.

दोन आजार, दोन कपाटं

वॉशिंग्टनमध्ये तिच्याकडे काम आलं ते ताज्या दुधाचं. गाईच्या कासेतून निघताक्षणीच, भांड्याचा किंवा हाताचा संसर्ग होण्याआधी, दुधात कुठले जिवाणू असतात?

त्यातल्या एका जिवाणूची पशुवैद्यांना चांगली ओळख होती. १८९७ मध्ये डेन्मार्कचे पशुवैद्यक बर्नहार्ड बँग यांनी तो शोधला होता. गाभण गाय दिवस भरण्याआधीच गाभडते, एकीमागून एक गोठ्यातल्या इतर गाईही गाभडतात, याचं कारण हा जिवाणू. शेतकऱ्याचं नुकसान प्रचंड. वासरू जातं, दूध कमी होतं, वार अडकते, पुढे गाय गाभण राहीलच याची खात्री नाही. पण एकदा गाभडलेली गाय नंतर वरवर ठणठणीत दिसते. तिच्या दुधातून जिवाणू मात्र बाहेर पडत राहतो. पशुवैद्यांना हेही ठाऊक होतं. तरी तो गाईगुरांचा जिवाणू, माणसाशी त्याचा संबंध नाही, अशी सगळ्यांची समजूत होती.

आता दुसरं कपाट उघडू. हे डॉक्टरांचं. भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटावर ब्रिटिश सैनिक एका विचित्र तापानं हैराण असायचे. ताप चढायचा, उतरायचा, बरं वाटायचं आणि काही दिवसांनी पुन्हा चढायचा. रात्री घामानं अंथरूण भिजायचं. सांधे धरायचे, अंगात त्राण उरायचं नाही. हे महिनोन्‌महिने चालायचं. १८८७ मध्ये डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरनं मेलेल्या सैनिकांच्या प्लीहेतून त्याचा जिवाणू शोधून काढला. पण तो येतो कुठून, हे कळायला आणखी १८ वर्षं लागली. १९०५ मध्ये माल्टाचेच डॉक्टर थेमिस्टोक्लीस झॅमिट यांनी बेटावरच्या शेळ्या तपासल्या. शेळ्या दिसायला झकास होत्या, पण कित्येकींच्या शरीरात हा जिवाणू मुक्काम ठोकून होता. माल्टामध्ये तेव्हा शेळ्या दारोदार नेऊन समोरच दूध काढून द्यायची पद्धत होती. याहून ताजं दूध ते कुठलं! १९०६ मध्ये सैन्यानं शेळीचं दूध बंद केलं आणि छावणीतला ताप झपाट्यानं खाली आला.

मजा बघा. एका कपाटात गाईचा जिवाणू, दुसऱ्यात शेळीचा आणि माणसाचा. पहिलं पशुवैद्यांचं, दुसरं डॉक्टरांचं. दोघांची जर्नल वेगळी, परिषदा वेगळ्या. त्यात भर नावांची. ब्रूसनं आपल्या जिवाणूला गोल समजून मायक्रोकॉकस म्हटलं होतं. बँगचा जिवाणू कांडीसारखा म्हणून बॅसिलस ठरला. पुस्तकात एक या पानावर, दुसरा त्या पानावर. खरं तर दोन्ही इतके आखूड कांडीचे की गोल म्हणावं की लांबट, असा प्रश्न पडावा. पण नाव एकदा छापून आलं की पुढचे सगळे ते तसंच्या तसं उतरवून घेतात. आपल्या जर्नलसारखंच की!

ॲलिसनं हे दोन जिवाणू शेजारी शेजारी ठेवले. तिनं वेगळं काय केलं असेल तर एवढंच. दोन्ही एकाच माध्यमात वाढवले, कुठल्या साखरेवर काय करतात ते तपासलं, एकाविरुद्ध तयार झालेल्या रक्तद्रवानं दुसऱ्याच्या गुठळ्या होतात का ते पाहिलं. होत होत्या. नेहमीच्या चाचण्यांत हे दोघे वेगळे करणं कठीण होतं.

मग साहजिकच पुढचा प्रश्न आला. शेळीच्या दुधातला जिवाणू माणसाला आजारी पाडतो. गाईच्या दुधातला त्याचा सख्खा भाऊ पाडत नसेल कशावरून? आणि अमेरिकेत तर घरोघरी गाईचं दूध.

डिसेंबर १९१७ मध्ये तिनं अमेरिकन बॅक्टेरियॉलॉजिस्टांच्या सोसायटीपुढे हे मांडलं. १९१८ मध्ये पेपर छापून आला. कच्चं दूध पिणं सुरक्षित आहे का, याचा विचार करायला हवा, असं तिचं म्हणणं होतं.

ऐकून कोण घेणार?

तुम्हाला वाटेल, टाळ्या पडल्या असतील. कसलं काय! परिषदेत कुणी विश्वास ठेवला नाही. आक्षेप साधारण असे होते. दोन्ही जिवाणू एवढे सारखे असते तर इतक्या वर्षांत एखाद्या मोठ्या माणसाच्या ते लक्षात आलं नसतं का? लाखो लोक कच्चं दूध पितात, मग तापाच्या साथी कुठे आहेत? आणि हे सांगतंय कोण, तर एक बाई, तीही पीएचडी नसलेली. शेवटचा मुद्दा प्रत्येक जण उघड बोलत नव्हता, पण तो हवेत होता. दुधाच्या धंद्यातल्या लोकांना तर ही बातमीच नको होती.

विरोध करणाऱ्यांत थिओबाल्ड स्मिथ हे नाव होतं आणि ते साधंसुधं नव्हतं. गाईगुरांचा टेक्सास ताप गोचिडीमुळे पसरतो, हे स्मिथनं किलबोर्न या पशुवैद्यकाबरोबर १८९३ मध्ये सिद्ध केलं होतं. किडा रोग पसरवू शकतो याचा तो सुरुवातीचा भक्कम पुरावा. गाईचा क्षयाचा जिवाणू आणि माणसाचा क्षयाचा जिवाणू वेगळे आहेत, हेही त्यानंच दाखवलं होतं. म्हणजे प्राणी आणि माणसं यांच्या आजारांवरचा देशातला सगळ्यात मोठा अधिकारी माणूस तिच्या विरुद्ध उभा होता. त्याचा आक्षेप अगदीच पोकळ नव्हता, हेही खरं. इतके लोक हे दूध पितात तर आजारी कुठे आहेत, हा प्रश्न शास्त्रात विचारायलाच हवा.

पण त्याचं उत्तर काय होतं माहितीये? आजारी माणसं होती. त्यांच्या केस पेपरवर टायफॉइड लिहिलेलं होतं, नाहीतर मलेरिया, क्षय, संधिवात किंवा फ्लू. ब्रुसेलोसिसला स्वतःचं असं एकही ठळक लक्षण नाही. ताप, घाम, अंगदुखी, थकवा. ही यादी घेऊन कुठल्याही दवाखान्यात गेलात तर दहा आजार निघतील. डॉक्टरच्या मनात ते नावच नसेल तर तो तपासणी कशाची करणार?

१९१८ मध्येच ॲलिस सार्वजनिक आरोग्य खात्याच्या हायजिनिक लॅबोरेटरीत रुजू झाली. आज जगभरात प्रसिद्ध असलेल्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थचं हे जुनं रूप. पहिलं महायुद्ध चालू होतं, त्यामुळे तिला मेंदूज्वराच्या कामाला लावलं गेलं. दुधाचा विषय मागे पडला. पण कुणीतरी तिचं काम तपासून पाहत होतं.

सॅन फ्रान्सिस्कोमध्ये कार्ल मेयर नावाचा शास्त्रज्ञ होता. मूळचा स्वित्झर्लंडचा, शिक्षणानं पशुवैद्यक. त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हे दोन्ही जिवाणू पुन्हा तपासले आणि १९२० मध्ये जाहीर केलं की ॲलिसचं म्हणणं बरोबर आहे. दोघांना एकाच घरात ठेवायचं तर घराला नाव हवं, म्हणून डेव्हिड ब्रूसच्या नावावरून ब्रुसेला असं नाव सुचवलं गेलं. आज तेच नाव सगळीकडे चालतं. गाईचा ब्रुसेला अबॉर्टस, शेळी-मेंढीचा ब्रुसेला मेलिटेन्सिस, डुकराचा ब्रुसेला सुइस.

शास्त्रज्ञच पेशंट

१९२२ च्या ऑक्टोबरमध्ये ॲलिसला ताप आला.

ब्रुसेला हाताळणाऱ्या प्रयोगशाळेतल्या माणसासाठी ही भीती कायमची आहे. हा जिवाणू हवेतल्या बारीक थेंबांतून, त्वचेवरच्या छोट्याशा जखमेतून, डोळ्यांतूनही आत शिरू शकतो. तेव्हा आजच्यासारख्या सुरक्षित कॅबिनेट नव्हत्या. ज्या आजारावर ती काम करत होती, त्याच आजारानं तिला गाठलं.

ताप आला, गेला, पुन्हा आला. मध्ये काही महिने बरे जायचे, ती कामावर यायची, पुन्हा अंथरूण धरायची. असं थोडंथोडकं नाही, वीसेक वर्षं चाललं. तिच्या ऐन कामाची, चाळिशी-पन्नाशीची वर्षं. अँटिबायोटिक्स अजून यायची होती. उपचार असा काही नव्हताच.

याहून वाईट पुढे आहे. चाचण्यांत ठोस काही हाती लागेना, तेव्हा डॉक्टरांनी तिला न्यूरॅस्थेनिया झालाय असं ठरवलं. म्हणजे मनाचा थकवा. साध्या भाषेत, आजार शरीरात नाही, डोक्यात आहे. जिवाणू ओळखण्यात तिच्याएवढा अनुभव असलेली माणसं देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. आणि तिलाच सांगितलं जात होतं की तुला काही झालेलं नाही. हा शिक्का किती जाचक असतो, हे ज्यांनी दुखणं सांगूनही घरी कुणाला पटवता आलेलं नाही, त्यांना विचारा. खरोखर आजारी असलेल्या माणसाकडे आजाराचं सोंग करतोय अशा नजरेनं बघितलं जातं.

पुढे तिच्यावर शस्त्रक्रिया झाली आणि शरीरातून काढलेल्या ऊतींमधून ब्रुसेला वाढला. तेव्हा कुठे प्रश्न मिटला. स्वतःबद्दल तरी.

तोवर बाहेरचं चित्रही बदलत होतं. आफ्रिकेतल्या दक्षिण ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत, बेव्हन या पशुवैद्यकाला गाईंच्या संपर्कातल्या माणसांमध्ये हा ताप सापडला. १९२४ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरला एक रुग्ण मिळाला. प्रयोगशाळेशी त्याचा काही संबंध नव्हता आणि जिवाणू गाईचाच होता. मग डॉक्टर मुद्दाम शोधू लागले आणि शोधलं तसं सापडू लागलं. शेतकरी, त्यांच्या बायकामुलं, कत्तलखान्यातले कामगार, पशुवैद्यक आणि शहरात बसून कच्चं दूध पिणारे लोक. अनेक नमुने तपासणीसाठी ॲलिसच्याच टेबलावर यायचे.

१९२८ मध्ये ज्या सोसायटीसमोर तिचं म्हणणं कुणी मानलं नव्हतं, त्याच सोसायटीनं तिला अध्यक्ष म्हणून निवडलं. त्या पदावर बसलेली ती पहिली बाई. तेव्हाही तिची तब्येत धड नव्हती. १९३० मध्ये पॅरिसला भरलेल्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ती अमेरिकेची प्रतिनिधी होती. पीएचडी नसलेल्या या बाईला पुढे विद्यापीठांनी मानद डॉक्टरेट दिल्या.

दूध तापलं, गोठाही बदलला

एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. पाश्चरायझेशन ॲलिसनं शोधलं नाही आणि ते एकट्या तिच्यामुळे आलं असंही नाही. क्षय, टायफॉइड, घटसर्प यांच्या भीतीनं ते आधीपासून सुरू झालं होतं. शिकागोनं तर १९०८ मध्येच शहरात येणाऱ्या दुधासाठी तसा नियम केला होता. पण कच्च्या दुधाच्या बाजूनं एक युक्तिवाद कायम असायचा, की गोठा स्वच्छ आणि गाय निरोगी असेल तर तापवायची गरज काय. ॲलिसच्या कामानं त्या युक्तिवादातली हवा गेली. गाय निरोगी दिसते, गोठा चकाचक आहे, तरी जिवाणू थेट कासेतूनच येतोय म्हटल्यावर स्वच्छता कुठे पुरणार? १९३० नंतर दूध पाश्चराइज करण्याचे नियम अमेरिकेत पसरत गेले.

पण दूध तापवून अर्धंच काम होतं. ग्राहक वाचतो. गोठ्यात राबणारा शेतकरी, वार काढणारा पशुवैद्यक आणि मांस कापणारा कामगार यांना जिवाणू दुधातून येतच नाही, तो थेट जनावराकडून येतो. त्यांना वाचवायचं तर आधी गाय वाचवायला हवी. १९३४ मध्ये अमेरिकेनं गाईंमधून हा आजार हटवण्याची मोहीम सुरू केली. तपासणी, बाधित जनावरं वेगळी काढणं आणि पुढे कालवडींचं लसीकरण. त्यासाठी वापरलेली लस स्ट्रेन १९ म्हणून ओळखली जाते. तिचा जन्मही गमतीशीर आहे. बक नावाच्या शास्त्रज्ञाकडून जिवाणूची एक नळी प्रयोगशाळेत बाहेरच राहून गेली. वर्षभरानं बघितलं तर जिवाणू जिवंत, पण त्याचा जोर ओसरलेला. त्यातून लस तयार झाली.

१९४७ मध्ये अमेरिकेत माणसांच्या ब्रुसेलोसिसच्या ६ हजारांहून जास्त केसेस नोंदल्या गेल्या होत्या. अलीकडच्या काळात हा आकडा वर्षाला शे-दीडशेच्या घरात आला. औषधं माणसांना दिली जात होतीच, पण आकडा खाली आणला तो गोठ्यातल्या कामानं.

१९४५ मध्ये ॲलिस निवृत्त झाली. मग मुलींनी विज्ञानात यावं म्हणून व्याख्यानं देऊ लागली. वयाच्या ८५ व्या वर्षीही तिचा बाणा तसाच होता. १९६६ मध्ये ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याच्या अर्जावर आपण कम्युनिस्ट संघटनेत नाही असं लिहून द्यावं लागायचं. उपचाराचा आणि माझ्या विचारांचा संबंध काय, असा तिचा मुद्दा. तिनं ते लिहून द्यायला नकार दिला. पुढच्या वर्षी सरकारच्या न्याय खात्यानंच ही अट राज्यघटनेत बसत नाही हे मान्य केलं. ५ सप्टेंबर १९७५ रोजी ती गेली. वय ९४.

आता आपल्या गोठ्याकडे

ही गोष्ट अमेरिकेची आणि जुनी म्हणून सोडून देऊ नका. भारतातल्या गाई-म्हशींत आणि शेळ्या-मेंढ्यांत ब्रुसेलोसिस आजही आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये केंद्र सरकारनं जो राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू केला, त्यात लाळ्या-खुरकतबरोबर दुसरा आजार हाच आहे. ४ ते ८ महिन्यांच्या कालवडी आणि पारड्यांना आयुष्यात एकदा ही लस टोचतात. तुमच्या घरी जनावरं असतील तर आपल्या कालवडीला ती मिळाली का, हे या सुट्टीत विचाराच. वय निघून गेलं की संधी गेली.

आपण दूध उकळतो, ही आपली जमेची बाजू. पण गोठ्यातल्या सवयींचं काय? गाय गाभडली की पडलेलं वासरू आणि वार उघड्या हातांनी उचलली जाते, उकिरड्यावर टाकली जाते, कुत्री ती ओढून नेतात. त्या वारेत जिवाणूंची संख्या अफाट असते. काम बहुतेकदा घरातल्या बाईच्या वाट्याला येतं. हातमोजे घालणं, ती वार चुना टाकून खोल पुरणं आणि साबणानं हात धुणं एवढ्यानंही धोका बराच कमी होतो. गाभडलेल्या गाईची रक्ततपासणी करून घ्यायला हवी. तिला गुपचूप बाजारात विकलं तर आजार फक्त गोठा बदलतो.

परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयात असा, नागपूर, परभणी, उदगीर किंवा शिरवळला असा, बीव्हीएससीवाल्यांनो, तुमच्यासाठी तर हा जिवाभावाचा प्रश्न आहे. इंटर्नशिपमध्ये वार काढायला हात घालाल तेव्हा खांद्यापर्यंतचा मोजा घाला. सीनियर न घालता करतात म्हणून आपणही तसंच करायचं नसतं. लस टोचताना सुई स्वतःच्या बोटात गेली तर ते लपवू नका, कारण ही लस जिवंत जिवाणूची आहे आणि ती माणसाला आजारी पाडू शकते. लगेच डॉक्टरांना गाठा.

आणि एमबीबीएसवाल्यांनो, तुमच्यासाठी एक छोटं काम. ओपीडीत एखादा माणूस येईल. दोन-तीन आठवडे ताप, रात्री घाम, कंबर आणि सांधे धरलेले, रिपोर्टमध्ये काही सापडत नाही. त्याला टेन्शन घेऊ नका असं सांगून परत पाठवण्याआधी एक प्रश्न विचारा. घरी जनावरं आहेत का, आणि त्यातली कुठली अलीकडे गाभडली का? उत्तर हो आलं तर ब्रुसेलाची तपासणी लिहून द्या. वेळेत सापडला तर काही आठवड्यांच्या अँटिबायोटिक्सनी हा आजार बरा होऊ शकतो. तो प्रश्न विचारायला अर्धा मिनिटही लागत नाही. ॲलिसला मात्र आपण खरोखर आजारी आहोत, हे डॉक्टरांनी मानण्यासाठी काही वर्षं थांबावं लागलं होतं.